आगळ चा मळशे

एक्क्याऐंशी साली मी साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्यात आले. शेजारच्या गुजराती काकींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तमने रसोई आवडे छे?" मला वाटलं, स्वयंपाक आवडतो का म्हणून विचारताहेत. मी म्हटलं, "हा, बहु." गुजरातीत 'आवडे' म्हणजे येतं, जमतं. सून सुगरण असल्याची बातमी संध्याकाळपर्यंत साऱ्या रावपुऱ्यात झाली आणि दुसऱ्या दिवशी पंधरा माणसांचा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. मला तेव्हा धड कुकर लावता येत नव्हता.

तेव्हापासून माझ्या नवऱ्याने, सदानंद यांनी, माझं गुजराती सुधारायचा विडा उचलला. स्कूटरवर मागे बसवून ते मला पाट्या मोठ्याने वाचायला लावत. चुकले की तिथल्या तिथे दुरुस्त करत, तेही सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. स्कूटर जाऊन मारुती ओम्नी आली, तरी खेळ सुटला नाही. मला वाचता यायला लागल्यावर मी मुद्दाम चुकीचं वाचायचे आणि ते लगेच पकडायचे. या दिवाळीपासून मात्र त्यांनी माझी एकही चूक काढली नव्हती. बोलताना माझ्याकडे बघायचेही जरा तिरकेच. मी दोन्हीचा अर्थ लावला, की निवृत्तीच्या रिकामपणी माणूस निवळलाय आणि थोडा रुसलाही आहे. लग्नाला चौतीस वर्षं झाली की बायको कशाचाही अर्थ लावू शकते.

सदानंद कोयलीच्या रिफायनरीत होते तेव्हापासून आमचा डिसेंबरचा एक आठवडा ठरलेला. ओम्नीची मागची सीट काढायची, गादी, स्टोव्ह, तंबू भरायचा आणि हॉटेल नसलेल्या ठिकाणी जाऊन राहायचं. यंदा कच्छच्या छोट्या रणात जायचं ठरलं, तशी पुण्याहून लेक नीरा फोनवर अडून बसली. गाडी जुनी, बाबांचं वय झालं, विकून टाका. शेवटी बापलेकीत करार झाला. ही खेप बिनबोभाट पार पडली तर गाडी राहील. काही झालं तर आल्या आल्या विकायची. आमच्या गल्लीतले सुभाषभाई गिऱ्हाईक म्हणून टपलेलेच होते. मला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे गाडी गेली की आमचे डिसेंबर संपले, आणि हे सदानंदांना माझ्याहून जास्त लागलं होतं.

सुरुवात बरी झाली. विरमगामला गरम गाठिया मिळाले. संध्याकाळी रणाच्या काठाला पोचलो, तर तंबूचे खांब घरी, गच्चीवर राहिलेले. मी ते पुसून वाळत ठेवले होते आणि सामान त्यांनी भरलं होतं, तेव्हा चूक कुणाची यावर तासभर गेला. बडोद्याहून आणलेला ओला, लिला चिवडा खाऊन गाडीतच झोपलो. सदानंदांचे पाय दाराबाहेर आणि वारा थेट आत. सकाळी डोळे उघडले तर वीस पावलांवर घुडखरांचा कळप उभा. रानगाढवं म्हणायचं, पण ऐट घोड्याची. मी दुर्बीण पुढे केली, तर म्हणाले, "तूच बघ. मी पुष्कळ पाहिलेत." मला भरून आलं. रात्रीचं भांडण मी तिथेच सोडून दिलं.

तासाभराने आम्ही आत जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागलो. एका फाट्यावर पत्र्याची पाटी होती, तळहाताएवढ्या लाल अक्षरांत: आगळ कादव छे. पुढे चिखल आहे. सकाळ छान होती, मला थट्टा सुचली. मी सुरात वाचलं, "आगळ चा मळशे."

"वा," सदानंद म्हणाले. "चहा मिळणार असेल तर चल." आणि त्यांनी गाडी त्याच वाटेला घातली. मला वाटलं, तेही थट्टा ताणताहेत. मी हसत होते. अर्ध्या फर्लांगावर पुढची चाकं रुतली, मग मागची, आणि गाडी बंद पडली.

"अहो, पुरे झालं की. पाटीवर काय होतं दिसलं ना?"

सदानंद स्टिअरिंग धरून बसले होते. म्हणाले, "पाटी होती, हे तू वाचलीस म्हणून कळलं."

मग एकेक बाहेर आलं. दिवाळीच्या आधी ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डोळ्याचा पडदा खराब झालाय. समोर मधोमध डाग. कडा दिसतात, अक्षरं नाहीत, माणसांचे चेहरे नाहीत. म्हणून तिरकं बघणं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती.

"आणि तुम्ही मला घेऊन दोनशे किलोमीटर आलात? मध्ये कुणाचं पोर आडवं आलं असतं तर?"

"म्हणून सावकाश चालवत होतो."

मला एवढा राग आला की मी उतरले, आणि घोट्यापर्यंत चिखलात गेले. आपण लाडाने वाचत होतो आणि हा माणूस आपल्याला चष्म्यासारखं वापरत होता, याचा तो राग होता. भीतीचा राग नंतर आला, तो अजून गेलेला नाही. मी चिखलातूनच विचारलं, "माझाही चेहरा दिसत नाही?"

"तुझा पाठ आहे," ते म्हणाले.

मी खाली वाकून चिखलात अडकलेली चप्पल शोधायला लागले.

दुपारी एक ट्रॅक्टर आला. चालवणारी बाई चाळिशीची, डोक्यावर ओढणी, पायांत गमबूट. नाव नयनाबेन. जवळच तिचं मिठागर होतं. पाटीही तिनेच लावलेली. "बोर्ड वांच्युं नहीं?" तिने विचारलं. सदानंदांनी रुतलेल्या चाकाकडे बोट दाखवलं. दोर बांधून तिने दहा मिनिटांत गाडी टणक जमिनीवर आणली, आत बसून ती चालू होते का ते पाहिलं आणि किल्ली सदानंदांच्या हातात द्यायला लागली. मी ती मध्येच घेतली. काय झालंय ते तिला सांगितलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तमने गाडी चलावतां आवडे छे?"

एकदा पोळलेली, आता चुकणार नव्हते. "ना, नथी आवडतुं."

"मनेय नहोतुं आवडतुं," ट्रॅक्टरवर चढत ती म्हणाली. "अहीं अथडावानुं छे शुं?"

खरंच, तिथे धडकायला काहीच नव्हतं. नजर पोचेल तिथवर भेगाळलेली सपाट जमीन. पुढचे दोन दिवस सदानंद माझ्या डाव्या हाताला बसले आणि त्यांचा जुना आवाज परत आला. क्लच, अगं क्लच. ब्रेक कशाला, समोर काय हत्ती आहे? गाडी बेडकासारख्या उड्या मारायची. एकदा दुसऱ्या गिअरमध्ये मला रडू कोसळलं, पण गाडी चालू राहिली. धडकायला काही नाही म्हणतात, तरी नयनाबेनचं पाण्याचं पिंप होतं. ते मी पाडलं. तिने ते भरून परत दूर ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी तिसऱ्या गिअरात पोचले, एका सरळ रेषेत, आणि सदानंदांनी एकही चूक काढली नाही. मला वाटतं, ते इंजिनचा आवाज ऐकत होते.

परतीसाठी पाटडीहून ड्रायव्हर घेतला. आम्ही दोघं मागे गादीवर. विरमगामच्या अलीकडे नीराचा फोन आला. सदानंदांनी स्पीकर लावला आणि चिखल, डोळे, डॉक्टर, सगळं दोन मिनिटांत सांगून टाकलं. काही लपवलं नाही. नीराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मग ठरल्याप्रमाणे गाडी विकायची."

"ठरलं तर होतंच," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं, तसंच, तिरकं.

मी फोन हातात घेतला. "नीरा, गाडी विकायची नाही. मला गाडी आवडते."

"आई, आवडण्याचा प्रश्न नाहीये."

"कोणत्या भाषेत आवडते?" सदानंदांनी विचारलं.

"सध्या मराठीत," मी म्हटलं. "सोमवारी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालतेय. पुढच्या डिसेंबरपर्यंत गुजरातीत आवडेल."