केवळाबाईनं सोडलेली जागा

मन्मथ गुरुजींच्या जिभेवर साखर आहे, असं अख्खं गाव म्हणायचं. कंधार तालुक्यातल्या त्या गावची जिल्हा परिषदेची शाळा त्यांनी निव्वळ बोलण्यावर टिकवून धरली होती. फाट्यावर इंग्लिश स्कूल निघाली, तिची पिवळी गाडी गल्लोगल्ली हॉर्न वाजवत फिरायला लागली, तसा शाळेचा पट झरझर उतरला. गुरुजी मग घरोघरी जाऊन आईबापांच्या हातापाया पडायचे.

त्यातच केवळाबाईच्या नातीचा नंबर लागला. केवळाबाई शाळेत खिचडी शिजवायची. लेक-सून पुण्याला बिगारी कामावर, नात विशाखा आजीजवळ बौद्धवाड्यात. सरकारच्या सोडतीत विशाखाला इंग्लिश स्कूलमध्ये पहिलीची जागा मिळाली. फी सगळी सरकार भरणार. म्हातारी हौसेनं पेढे घेऊन शाळेत आली आणि गुरुजींचं तोंड उतरलं.

"मावशी," ते म्हणाले, "सरकार तिकडं पैसे भरतंय, तेच आपल्या शाळेला लावलं असतं तर? तुमची नात गेली की तिच्यामागं आणखी चार जातील. मग शाळेला कुलूप. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांनी कुठं जायचं?"

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता तरी येतं. खरं बोलून दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेणाऱ्याला काय म्हणायचं?

"मंग माज्या पोरीचं कसं, गुर्जी?"

"माझ्या लेकरासारखं शिकवीन तिला."

गुरुजींचं लेकरू, शिवानी, लातूरच्या इंग्रजी शाळेत होतं, आईबरोबर तिथंच राहत होतं. हे गावाला ठाऊक होतं, केवळाबाईलाही ठाऊक होतं. तरी तिनं शब्द धरला आणि जागा सोडली. मोठ्या माणसाचा शब्द तपासून घ्यायची रीत गरिबाला कुणी शिकवलेली नसते.

वर्ष सरत आलं. गुरुजी कधी मीटिंगला, कधी माहिती भरायला, कधी तांदळाचा हिशोब लावायला. विशाखा मागच्या सतरंजीवर बसून तीच ती अक्षरं गिरवत राहिली.

मार्चात लातूर कोरडं पडलं. पारावर दोनच विषय उरले, रेल्वेनं पाणी येणार म्हणतात ते खरं का, आणि नवा जिल्हा उदगीरचा होणार की आणखी कुणाचा. गावचा हापसा अजून चालू होता, म्हणून गुरुजींची बायको सिंधू पोरीला घेऊन त्यांच्या भाड्याच्या खोलीवर आली.

"अहो, पाण्यापायी हिच्या शाळेला सुट्टी दिलीय," सिंधू म्हणाली. "दिवसभर नुसती उड्या मारतेय. तुमच्या शाळेत बसवा की तोवर."

गुरुजी एकदम भडकले. "तिथं काय शिकणार ती? सगळं विसरून बसेल. एकदा मागं पडली की पडली!"

बोलून झालं आणि दाराकडं नजर गेली. बाईसाहेबांना पाणी लागेल म्हणून केवळाबाई भरली घागर घेऊन उंबऱ्याशी उभी होती.

"हितं ठिवू का?" तिनं विचारलं. घागर ठेवली, पदर सारखा केला आणि गेली.

त्या रात्री गुरुजी भरल्या ताटावरून तसेच उठले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शरमेनं त्यांना बायकोच्या तोंडाकडंही बघवेना. म्हातारी चार शिव्या देऊन गेली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना राहून राहून वाटलं.

सकाळी ते शिवानीचा हात धरून शाळेत गेले. केवळाबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होती.

"मावशी, हिला आणलंय. आजपासून इथंच बसेल."

"बरं केलंत. पानी आलं की न्याल."

"छे छे, तसं..." गुरुजी म्हणायला गेले. पुढच्या वर्षाची लातूरची जागा जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी सकाळीच सिंधूला बजावलं होतं.

"म्या रागानं बोलत न्हाई, गुर्जी," केवळाबाई खालमानेनं म्हणाली. "न्या की, तुमचं लेकरू हाय. पर हाय तवर दोघींना एका सतरंजीवर बसवा. तुमी तिला शिकवताना माज्या विशाखाच्या बी कानावर पडंल."

गुरुजींना तिथंच जमिनीत गाडून घ्यावं असं झालं. ते वर्गात गेले. दोघींना शेजारी बसवलं, फोन बंद करून कपाटात टाकला आणि पोरांमध्ये मांडी घालून बसले. चिंचोके मांडून बेरजा करून घेतल्या. जो अडला त्याच्यापाशी सरकले, पुन्हा सांगितलं. शिवानीनं धडा वाचला. मग गुरुजींनी विशाखाचं बोट धरून एकेक अक्षर जुळवत तिच्याकडून एक अख्खं वाक्य वाचून घेतलं, तसा तिचा चेहरा फुलला.

मग ती हळूच त्यांच्या कानाशी आली.

"गुर्जी, आज तपासनीला सायब येनार हायत का?"

"नाही गं. का?"

"सायब यायचे असले की मगच तुमी असं शिकविता."