पॅरिसला पाऊस आला त्या रविवारी

मी एक जुना मोबाइल आहे, बटणांचा. माझं मधलं बटण पार झिजलंय, कारण स्कोरचं पान ताजं करायला तेच दाबावं लागे. मित्रांनो, आज तुम्ही मला हातात धरणार नाही. पण एके काळी मी पॅरिसचं टेनिस शिरूर अनंतपाळला आणून देत असे. तिकडे पंचाने गुण नोंदवला, की आकडा आभाळातून फिरून माझ्या काचेवर उतरे. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

माझे मालक महेबूबभाई घड्याळं दुरुस्त करत. लातूरच्या भूकंपानंतर घरचे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, तिथेच त्यांची सालेहा जन्मली. तिची आई लवकर गेली. बापलेकीला वेड एकच, टेनिसचं. काळ्या मातीतल्या माणसांना लाल मातीच्या खेळाचं वेड लागावं, हेही नवलच.

डॉक्टर व्हायचं म्हणून सालेहा लातूरला क्लासला गेली. वसतिगृहात रविवारी फक्त दहा मिनिटं फोन. पहिल्या रविवारी महेबूबभाईंनी "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि दोघंही रडले. वॉर्डनबाईंनी बजावलं, "पुन्हा रडलात तर फोन बंद." तेव्हापासून दोघं फक्त स्कोर बोलू लागले. दुकानातल्या फोनचा रिसीव्हर उजव्या कानाला आणि डाव्या हातात मी. सालेहाचा आवाज मलाही ऐकू येई.

अंतिम सामन्याच्या रविवारी फोन लागून दोनच मिनिटं झाली आणि माझ्यावर ओळ उमटली, 'पावसामुळे खेळ थांबला.' महेबूबभाईंचा अंगठा जागीच राहिला. आता बोलायचं काय? मनातलं बोलावं तर रडू येणार, आणि फोन कायमचा जाणार.

"तीस-पंधरा," ते म्हणाले. "लई जोरात मारायलाय आपला गडी."

मला धडकीच भरली. जन्मात मी खोटा आकडा दाखवला नव्हता. ते मात्र माझ्याकडे न बघता गुणामागून गुण सांगत सुटले.

थोड्या वेळाने सालेहा हळूच म्हणाली, "अब्बा, इथं बाईंच्या खोलीत टीव्ही चालू हाय. मैदानावर ताडपत्री घातलीय."

महेबूबभाईंनी माझं मधलं बटण दाबलं. तीच ओळ.

"एक मिनिट उरलंय, अब्बा. सांगा ना पुढचं."

त्यांनी सांगितलं. रडले मात्र नाहीत.

आता सालेहा दूर कुठे डॉक्टर आहे. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हेसुद्धा तिला तिच्या फोनवर दिसतं. अब्बांना विचारायचं काही उरलं नाही. स्पर्धा लागली की महेबूबभाई मला खणातून काढतात, पुसतात आणि आपल्या नव्या फोनशेजारी ठेवतात. तो फारसा वाजत नाही. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, माझी निगा राखू नका, मी संपलो. पण तुमच्या घरीही कुणीतरी वाट बघत असेल. स्कोर तुमच्या हातात दिसत असला, तरी त्यांना फोन लावून विचारा. त्यांनी चुकीचा सांगितला, तर म्हणा, "पुढचं सांगा."