बेचाळीस-तीन

आमच्या गावात माझ्या सासऱ्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. त्यांना बेचाळीस-तीन म्हणत. छत्तीस वर्षांपूर्वी ते वेधशाळा सांभाळत असताना एका दुपारी पारा बेचाळीस पूर्णांक तीन या गावच्या उच्चांकापर्यंत चढला होता आणि त्यांनी तो वाचला होता. पारा चढण्यात त्यांचं काही कर्तृत्व नव्हतं, हे गाव कधीच विसरलं होतं, आणि सासरे गावाच्याही आधी. न्हाव्याकडे कितीही गर्दी असली तरी पहिली खुर्ची त्यांना मिळे. शाळेत दरवर्षी त्यांचं भाषण होई. भाषणात घटना एकच होती, पण ती पाऊण तास चाले.

हेच भाषण सासूबाई छत्तीस वर्षं जेवताना ऐकत होत्या.

सासरे निवृत्त झाल्यावर वेधशाळा माझ्याकडे आली आणि पाठोपाठ त्यांची मुलगीही. वेधशाळा म्हणजे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक खोली, खोलीमागे आमचं घर आणि समोर गवताचा चौकोन. चौकोनात चार पायांवर एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी. पेटीत दोन तापमापक. एक साधा, आत्ता किती ते सांगणारा. दुसरा आडवा, कमाल तापमानाचा. त्यातला पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय खाली येत नाही. "स्वभावाने थेट तुमच्या सासऱ्यांवर गेलाय," असं सासूबाई म्हणत.

ही गोष्ट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातल्या एका दिवसाची. आमच्याकडे उन्हाळ्यात अकराच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटतो आणि पारा मुकाट्याने माघार घेतो. त्या दिवशी बारा वाजले तरी वारा जमिनीकडूनच येत होता, भट्टीचं दार उघडल्यासारखा. सासरे छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन आले आणि समुद्राकडे तोंड करून बसले.

"जावईबापू, किती?"

"चाळीस-सहा."

"सुटेल वारा. समुद्र माझ्या ओळखीचा आहे."

समुद्राने ओळख दाखवली नाही. मग सासरे दर दहा मिनिटांनी पेटी उघडू लागले.

"बाबा, पेटी सारखी उघडायची नाही. नियम आहे."

"नियम तुम्हाला कुणी शिकवला? मी श्वास रोखून उघडतो." आकडा ते बॉलपेनने डाव्या हातावर लिहीत. कागद उडतो, हात उडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मात्र आडव्या तापमापकाकडे ते चुकूनही बघत नसत. तो साडेपाचला वाचायचा. त्याआधी बघणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडणं.

अडीच वाजता त्यांच्या हातावर बेचाळीस-एक होतं. दुकान बंद करून न्हावी बघायला आला.

"काय बेचाळीस-तीन, आज मोडतंय म्हणे."

"बघू."

"मोडलं तर तुम्हाला म्हणायचं काय? नावाने हाक मारायची तर आधी नाव विचारावं लागेल."

न्हाव्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सासऱ्यांनी छत्री जरा खाली ओढली आणि पुढचा अर्धा तास पेटी उघडली नाही. माझ्या बायकोने हे खिडकीतून पाहिलं. थोड्या वेळाने ती ओल्या चादरींनी भरलेली बादली घेऊन बाहेर आली आणि पेटीपासून जरा लांब, जमिनीच्या बाजूला, दोरीवर सहा चादरी वाळत घालून गेली. आता गरम वारा चादरींमधून गार होऊन पेटीकडे येणार, हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं.

"अगं, हे नियमात बसत नाही. तीस फुटांच्या आत ओलं काही चालत नाही."

"टेप लावून बघा."

लावली. एकतीस फूट भरले. वेधशाळेत वाढलेल्या मुलीशी लग्न केल्यावर दुसरं काय होणार.

ती परत बादली भरायला गेली तेवढ्यात सासूबाई आल्या, सहाही चादरी काढल्या, घड्या घातल्या आणि आत नेल्या. बायको आली, तिने नव्या ओल्या चादरी टाकल्या. सासूबाईंनी त्याही काढल्या. चार वाजेपर्यंत घरातल्या चादरी संपल्या आणि पडदे निघाले. सासरे समुद्राकडे बघत होते, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे त्यांच्या कीर्तीवरून चाललेलं हे युद्ध त्यांना दिसलंच नाही. शेवटी दोघी दोरीशी समोरासमोर आल्या.

"आई, का काढतेस?"

"वाळल्या."

"अजून पाणी गळतंय त्यातून. आई, बाबांकडे तेवढं एकच आहे."

"आणि माझ्याकडे तेवढं एकच ऐकायला आहे. मोडू दे. एकदा तरी जेवताना दुसरं काहीतरी ऐकू दे."

दोघींच्या हातात एकाच चादरीची दोन टोकं होती, आणि त्याच वेळी ऊन गेलं.

डोंगराकडून काळंकुट्ट आभाळ आलं. पाच वाजता छत्री उलटी झाली, मग खुर्ची स्वतःच्या पायांनी चालत समुद्राकडे गेली. धूळ, पानं, कुणाच्या तरी छपराचा पत्रा, सगळं एका दिशेने निघालं. चार पडदे कुंपण ओलांडून शाळेच्या मैदानात उतरले. पाऊस आडवा लागला. सासूबाई आणि बायको उरलेली चादर धरून जागच्या जागी गोल फिरत होत्या आणि, माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना, हसत होत्या.

साडेपाचला मी पेटी उघडली. चष्म्यावर चिखल आणि पाणी. समोर पेटी आहे इतकंच दिसत होतं.

"बाबा, तुम्ही वाचा."

सासरे पुढे झाले. श्वास रोखला, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला. खोटं बोलायला एवढी चांगली संधी कुठल्याही माणसाला मिळाली नसेल. मला काहीच दिसत नव्हतं आणि एक दशांश म्हणजे केसाएवढं अंतर.

"बेचाळीस-चार," ते म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं. बायकोने डोळे पुसले. छत्तीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आल्यावर सासूबाईंना काय करावं ते सुचेना. त्या म्हणाल्या, "नीट बघा हो, तीन असेल."

"चार आहे." त्यांनी पेटी मिटायला घेतली आणि हात मध्येच थांबवला. नजर साध्या तापमापकावर गेली होती. "सत्तावीस-चार," ते पुटपुटले. मग डावा हात डोळ्यांजवळ नेला. शेवटची ओळ होती: चार-पन्नास, एक्केचाळीस-नऊ.

"जावईबापू, चाळीस मिनिटांत साडेचौदा अंश. माझ्या आठवणीत इतका कधी उतरला नाही." मग अगदी शांतपणे म्हणाले, "शाई पसरतेय."

त्यानंतर काय झालं ते एखाद्या मिरवणुकीसारखं होतं. एका बाजूने सासूबाई, दुसऱ्या बाजूने बायको, मध्ये सासऱ्यांच्या हातावर चादरीचं छत, आणि दार उघडायला पुढे मी. चौघंही घोट्यापर्यंतच्या पाण्यातून पळत होतो. खोलीत शिरताना सासूबाई सारख्या म्हणत होत्या, "नऊ पुसू नका, नुसतं एक्केचाळीस राहील."

जुनी बाडं काढली. तासाभरात पारा सर्वांत जास्त उतरला होता तो अकरा पूर्णांक आठ.

मी मुख्य कचेरीला कळवलं. उत्तर आलं: मूळ नोंद सोबत जोडावी. मी लिहिलं, मूळ नोंद जोडलेलीच आहे, खांद्याला. नऊ दिवसांनी तपासनीस आले. ते नऊ दिवस सासरे डावा हात वर धरून आंघोळ करत, वर्गात उत्तर येत असल्यासारखा. तपासनीसांनी भिंगाने सगळे आकडे पाहिले, घसा खाकरला आणि कोपराजवळ तारखेसकट सही केली.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याने खुर्ची झटकली आणि म्हणाला, "बसा, उणे-साडेचौदा."

त्या रात्री जेवताना सासऱ्यांनी सुरुवात केली, "चार-पन्नासला मी पेटी उघडली, तेव्हा..."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या आणि पानावरून हात मागे घेतला. "आधी चादरीपासून सांगायचं. ते तुम्हाला जमायचं नाही. मी सांगते."