फुंकणीला नकार शिकवताना

सासऱ्यांनी स्वतः घडवलेल्या संगणकभाषेत बदल करणं हे त्यांच्या मुलाला वळण लावण्याइतकंच चिवट काम होतं, आणि सुनेनं दोन्ही अंगावर घेतली होती. मुलाचं बरं चाललं होतं. भाषेचं घोडं मात्र पहिल्या दिवसापासून अडलं होतं.

भाषेचं नाव फुंकणी. सासरे काचेचे कारागीर. साठी उलटल्यावर हौसेनं संगणक शिकले आणि घरामागच्या भट्टीसाठी त्यांनी ही इवलीशी भाषा लिहिली. भट्टी किती तापवायची, काच किती सावकाश निववायची, पंखा कधी सुरू करायचा, सगळं तिच्यात थोडक्या ओळींत मावायचं. सून पोटापाण्यासाठी दिवसभर मोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम लिहायची, पण तिचा जीव अडकला होता तो या घरगुती भाषेत.

तिचं म्हणणं साधं होतं. फुंकणीत कुठल्याही नावाखाली काहीही ठेवता यायचं, आकडा म्हणू नका, मजकूर म्हणू नका. तिला प्रत्येक नावाचा प्रकार आधी जाहीर करून घ्यायचा होता. हा अंक, हा मजकूर, हे हो-नाही. भट्टी पेटण्याआधी फुंकणी सगळ्या ओळी तपासेल आणि चुकीचा ऐवज दिसला की सरळ नकार देईल.

"माझी भाषा कुणाला दारात अडवत नाही," सासरे म्हणाले होते. "डब्याडब्यावर चिठ्ठ्या लावायच्या म्हणजे स्वतःच्याच स्वयंपाकघरावर अविश्वास."

"परवा चहात मीठ कुणी घातलं होतं?" सासूबाईंनी आतून विचारलं. त्यावर सासऱ्यांनी पेपर वर धरला.

एरवी ते एवढ्यावर ऐकणारे नव्हते. सुनेशी तावातावानं भांडले असते, आणि त्या भांडणात दोघांनाही मजा आली असती. पण तबकडी तडकल्यापासून त्यांचा भांडणातला रसच गेला होता.

ती तबकडी एका वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी होती, परातीएवढी, जाडजूड. अशी काच ओतल्यावर दिवसचे दिवस बंद भट्टीत निववावी लागते, घाई झाली की ती आतून ताणली जाते आणि तडकते. सासऱ्यांनी दार उघडलं तेव्हा ती आरपार चिरलेली होती. ते कुणावर चिडले नाहीत. "माझा हात गेला," एवढंच म्हणाले आणि त्यानंतर काचेला शिवले नाहीत. वेधशाळेनं पुन्हा ओतायला सांगितलं होतं, त्यांनी नाही म्हणून कळवून टाकलं. सोमवारी गवंडी भट्टी पाडायला येणार होता. घरात यावर कुणी बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं, आणि सुनेला त्या गप्पपणाचा मनस्वी राग यायचा.

तरी तिनं प्रकारांचं काम सोडलं नाही. भट्टीच राहणार नसेल तर हा उपद्व्याप कशाला, असं नवऱ्यानं विचारलंही. खरं सांगायचं तर तिला नुसती उत्सुकता होती. इतकी वर्षं बिनचिठ्ठीचे राहिलेले हे डबे उघडले तर आत काय निघेल?

शनिवारी दुपारी तिनं सासऱ्यांचे जुने प्रोग्रॅम समोर घेतले आणि एकेका नावाला प्रकार देत गेली. 'वेळ' अंक. 'पंखा' हो-नाही. एका ठिकाणी 'कंटाळा' नावाचा अंक सापडला. भट्टीपाशी किती वेळ बसलं की सासूबाई हाक मारतात, त्याचा तो हिशेब होता. ती एकटीच हसली. मग तबकडीच्या प्रोग्रॅमवर आली, 'तापमान' पुढे 'अंक' लिहिलं आणि तपासणी चालवली.

फुंकणीनं नकार दिला. 'इथे अंक हवा, मजकूर आला आहे.'

तापमान आणि मजकूर? तिनं आपलंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा पाहिलं. मग आठवलं, तबकडी ओतण्याच्या तोंडावर भट्टीला नवा तापमापक बसवला होता. तो आकडा पाठवायचा खरा, पण अक्षरांच्या रूपात. बरं, पाठवेना का. त्यानं बिघडतं काय? तिला राहवेना. तिनं जुन्या फुंकणीलाच विचारलं, मजकुरातलं ५२० हे ८० पेक्षा मोठं आहे का?

'नाही.'

तिला आधी हसू आलं. एका बाजूला मजकूर दिसला की फुंकणी दुसऱ्या बाजूलाही मजकूरच समजायची, आणि वर्गातल्या हजेरीत नावं लावतात तशी पहिल्या अक्षरावरून तुलना करायची. पाच आधी, आठ नंतर, म्हणून ५२० लहान. पुढच्याच क्षणी तिचं हसू मावळलं. त्या प्रोग्रॅमची शेवटची ओळ सांगत होती, तापमान ८० च्या खाली गेलं की पंखा लाव.

म्हणजे पंखा लगेच लागला होता. बंद दारामागे, लालबुंद काचेवर. दार उघडलं तेव्हाही तो फिरतच होता, पण तेव्हा तो फिरायलाच हवा होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

ती उठली आणि दारापाशी थांबली. हे सांगायचं कसं? हात वाचला, पण जिचा त्यांना एवढा अभिमान, ती भाषाच गुन्हेगार ठरत होती.

सासरे अंगणात शेंगा सोलत बसले होते. तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि ओळीवर बोट ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ स्वतः वाचली.

"म्हणजे काच नीट ओतली होती?"

"हो बाबा. पंखा लागेपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. चूक फुंकणीची आहे, म्हणजे..."

"म्हणजे माझीच. अडखळतेस कशाला? भाषा मीच लिहिली."

ते रागावले असतील म्हणून तिनं वर पाहिलं, तर त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते.

"अगं, ही चूक तू मला बोटानं दाखवलीस. हातातली चूक कुणाला अशी दाखवता येत नाही. रोज सकाळी मी हात उघडून बघायचो, काय गेलंय यातनं ते."

सासूबाई केव्हाच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी न विचारता गवंड्याला फोन लावला.

"सोमवारी येऊ नका," त्या म्हणाल्या. "नाही, पुढच्या सोमवारीही नाही."

सासऱ्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं, खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली आणि म्हणाले, "बस इथं. अजून काय काय आत घेऊन ठेवलंय या फुंकणीनं, बघू दे मला."