सोफ्यावरचे पंच

गुडघ्याच्या खोबणीत पोल घट्ट दाबून क्षिप्राने दोन्ही हात सोडले आणि हॉल उलटा झाला. फरशी वर, पंखा खाली. टीव्हीच्या टेबलावर टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर लाल ठिपका चालू होता. दुसरा पाय सावकाश मागे जात सरळ झाला. आता श्वास सोडून एक गिरकी घेतली की झालं.

"अंगठा," सोफ्यावरून आवाज आला.

तिने अंगठा ताणला. ताणताना पोटरीत गोळा आला, गोळा आला म्हणून गुडघा ढिला पडला आणि गिरकी अर्ध्यावरच मोडली. हात टेकून ती खाली उतरली आणि मोबाइल बंद केला.

"एक दशांश गेला," जोतीराम सर म्हणाले. "बाकी चांगलं होतं."

हे दुसरं वाक्य ते न चुकता जोडत. त्या बाकीत नेमकं काय काय येतं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

जोतीराम सर म्हणजे तिचे सासरे. साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर मल्लखांब शिकवला आणि सुट्ट्यांमध्ये गावोगावच्या स्पर्धांना पंच म्हणून गेले. पंच गुण देतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो गुण कापतो. पोरगं सलामी देऊन खांबावर चढलं की याची नजर बोटांवर, टाचांवर, हनुवटीवर फिरायला लागते, आणि जे चुकलं नाही त्याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. निवृत्तीनंतरही सरांची नजर काही निवृत्त झाली नव्हती, फक्त तिला काम उरलं नव्हतं.

सासूबाई गेल्या आणि निशांतने वडिलांना तळोज्याच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा ते बोलायचेच बंद झाले. दिवसभर सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. जेवायला हाक मारली की यायचे, ताट उचललं की पुन्हा सोफा. निशांत रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून ऑफिसच्या गमती सांगायचा आणि उत्तर आलं नाही की उठून, खोलीत पंखा लावून पडतो, असं सांगून जायचा. डॉक्टर म्हणाले, यांना कशात तरी गुंतवा. कशात गुंतवायचं ते डॉक्टरांनाही सुचलं नाही.

क्षिप्राचा पोल डान्स तेव्हा गुपचूप चालला होता. बेलापूरची कचेरी सुटली की मेट्रोने खारघरला उतरून पायलच्या क्लासला जायचं. घरी विचारलं तर झुंबा. निशांतला माहीत होतं, तो काही बोलला नव्हता. सर एकदा लेकीकडे, सुनयनाकडे राहायला गेले, तेवढ्यात क्षिप्राने जमीन आणि छत यांच्यामध्ये घट्ट बसणारा स्टीलचा पोल मागवून हॉलमध्ये उभा केला. ते यायच्या आत उतरवून दिवाणाखाली सरकवायचा, असा बेत होता. सर एक दिवस आधीच आले. त्यांच्याकडे लॅचची चावी होती. दार उघडलं तेव्हा सूनबाई हाफ पँटवर, डोकं खाली पाय वर.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. सरांनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, थोडं वाकून बघितलं. आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं.

"अंगठा वाकडा होतोय, पोरी."

उघडे पाय त्यांना दिसलेच नाहीत. दिसला तो अंगठा.

घरात आनंदीआनंद झाला. निशांतच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनयना फोनवर रडलीच. वहिनी, तुझ्यामुळे बाबा माणसांत आले म्हणाली. साताऱ्याच्या नातेवाइकांना निरोप गेला की सूनबाई मल्लखांब करते, आणि मल्लखांब म्हटल्यावर कोणाची काही हरकत उरली नाही. सर पोलला खांबच म्हणायचे. असा सासरा मिळायला नशीब लागतं, हे क्षिप्राने इतक्या जणींकडून ऐकलं की ती मान हलवायला शिकली.

कोंडी होती ती हीच. सासरा आडवा आला असता तर भांडता आलं असतं, हट्टाला पेटता आलं असतं. इथे भांडायचं कोणाशी? दिवसभर घरात जे एकच माणूस तिच्या घरी येण्याची वाट बघत असे, ते सोफ्यावर तयार होऊन बसलेलं असायचं. अंगठ्यानंतर हनुवटी आली. मग श्वासाचा आवाज, मग उतरताना टाच वाजते ते. एका संध्याकाळी तिने दार आतून लावून घ्यावं का असा विचार केला आणि हॉलला आतून लावायला दारच नाही हे तिच्या लक्षात आलं. निशांतला सांगून बघितलं. तो म्हणाला, बोलतायत ना ते, बोलू दे. आता मेट्रोत उभी असतानासुद्धा बुटाच्या आत तिचा अंगठा ताणलेला असायचा. जे एवढंसं तिचं एकटीचं होतं, त्याचीही परीक्षा झाली होती, आणि ती रोज नापास होत होती.

त्यातच पायलने रविवारची नवी बॅच काढायची ठरवली. ज्या बायकांनी जन्मात कधी दोरीच्या उड्याही मारल्या नाहीत, त्यांच्यासाठी. शिकवायला कोणी तरी हवं होतं. ज्यांना यायचं त्यांनी एका दमातला, न कापलेला छोटासा व्हिडिओ पाठवा, म्हणाली. रविवार दुपारपर्यंत. क्षिप्राला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की तिने कोणाला तसं सांगितलंसुद्धा नाही. व्हिडिओ मात्र ती रोज काढत होती, सर रोज दशांश कापत होते, आणि गुण कापलेला व्हिडिओ पाठवायला तिचा हात होत नव्हता.

रविवारी सकाळी निशांत भाजीला गेला. सर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले होते.

"आज दशांश जाणार न्हाई," ते म्हणाले. "बघच तू."

क्षिप्राने मोबाइल लावला, पोलजवळ गेली, उंच हात टाकून अंगाचं वजन वर घेतलं, आणि काही कळायच्या आत हात सर्रकन खाली आले. ती कमरेवर आपटली. आधी वास आला, मग तळहाताला चिकट लागलं. वरपासून खालपर्यंत पोल तेलाने चकाकत होता.

सर उठून उभे राहिले होते.

"लागलं का? हात कसा काय सुटला?"

"बाबा, ह्याला काय लावलंय?"

"एरंडेल." त्यांचा चेहरा उजळला. "हिकडं कुठं मिळेना. काल पार बेलापूरपर्यंत गेलो. स्पर्धेच्या दिवशी खांबाला तेल मी स्वतः लावायचो. पोरांना हात लावू द्यायचो न्हाई."

क्षिप्रा खालीच बसून राहिली. कंबर ठणकत होती, आणि रागावायला नेमकी जागा सापडत नव्हती. या माणसाने आजवर जे सगळ्यांत मोठं कौतुक कोणाचं केलं असेल, ते तिच्या पोलला चोपडून ठेवलं होतं.

"तुमचा खांब लाकडाचा, बाबा. हा स्टीलचा आहे. हा उघड्या कातडीने धरायचा असतो. कोरडा लागतो."

सरांनी पुढे होऊन पोलला हात घातला. हात घसरत कमरेपर्यंत आला. त्यांनी तळवा उलटा करून बघितला. इतक्या महिन्यांत त्यांनी पोलला हात लावला, तो हा पहिल्यांदाच.

"तू रोज पुसायचीस की," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, धूळ पुसतेस."

ती स्पिरिट आणि फडकं घेऊन आली. सरांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि पुसायला लागले. तेल निघण्याऐवजी पसरत होतं. तिच्या पोटऱ्यांना, मांड्यांना लागलं होतं ते वेगळंच. आज हा पोल कोणाला धरून ठेवणार नव्हता.

"वर राहिलंय," ती म्हणाली.

त्यांनी वर पुसलं.

"मागच्या बाजूला पण."

त्यांनी मागे जाऊन पुसलं. मान खाली. क्षिप्राला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि त्यातला सूर तिच्या चांगलाच ओळखीचा होता. तिने तोंड मिटून घेतलं. फार दिवसांपासून कधी तरी अशी वेळ यावी असं तिला वाटत होतं. आली तेव्हा तिची तिलाच लाज वाटली.

ती मोबाइल घेऊन सोफ्यावर बसली, सरांच्या जागेवर. जुन्यातलाच एखादा पाठवायला हवा होता. एकेक लावून ती अंगठा बघत गेली. एकात वाकडा, एकात बरा, एकात नीट पण हनुवटी वर. दोन-चार बघून झाल्यावर तिला दुसरंच काही दिसलं. प्रत्येक व्हिडिओत, पाय सरळ झाला रे झाला की तिचे डोळे एका बाजूला जात होते. सोफ्याकडे. उलटी लटकलेली बाई काम अर्धवट टाकून सोफ्यावरच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते बघत होती. सरांनी इतके दशांश कापले, पण हा कधी कापला नव्हता. त्यांना तो दिसणार कसा? त्यांच्याकडे तर ती सरळ बघत होती.

त्यांतच एक न उघडलेला व्हिडिओ होता. परवा पार्सलवाल्याने खालून फोन केला, लिफ्ट बंद म्हणून सर खाली गेले, आणि ती थांबायच्या ऐवजी तशीच करत राहिली होती. सरांनी पाहिला नाही म्हणून तिने तो धरलाच नव्हता. आता तिने तो लावला. तिचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते, बहुतेक काही गुणगुणत होती. गिरकी संपायला हवी होती तिथे संपली नाही. अजून एक फेरी घेऊन आपसूक थांबली. तिने तो पुन्हा लावला नाही. पायलला पाठवून दिला.

"हे वाळलं की दुपारपर्यंत दुसरा काढता येईल का गं?" सरांनी विचारलं.

"पाठवला, बाबा."

"कुठला?"

"परवाचा. तुम्ही पार्सल आणायला खाली गेला होतात ना, तेव्हाचा."

सर फडकं धरून उभे राहिले. तो व्हिडिओ त्यांनी बघितलेला नव्हता. त्यांना काही तरी विचारायचं होतं, आणि ते विचारू नये असंही वाटत होतं. दोन्ही तिला दिसलं.

"अंगठा?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"बघितलाच नाही मी," क्षिप्रा म्हणाली.

आता ते दिवसभर बोलतील की नाही, उद्या बोलतील की नाही, तिला माहीत नव्हतं. आणि हे ठाऊक नसूनही, पाठवलेलं परत घ्यावं असं तिला वाटलं नाही. सरांनी फडकं उलटं केलं आणि त्याच्या कोरड्या बाजूने पोल पुन्हा वरपासून पुसायला घेतला.