लाभ, दोन, तीन

कोंडाजीने पायली राशीत खुपसली, शिगोशीग भरली, हाताच्या कडेने सपाट केली आणि गोणपाटावर उपडी करताना लांब सूर लावला, "लाऽऽभ!" मग "दोऽऽन", मग "तीऽऽन". सूर इतका लांब की आकडा त्यात बुडून जाई. खळ्याच्या कडेला बसलेले गुप्ते साहेब मान खाली घालून वहीत रेघा ओढत होते. बाकी सगळे चिडीचूप. मापारी मोजत असताना मधे बोललं की राशीची बरकत जाते, हे सहदेव पाटलाने साहेबांना आल्याबरोबर बजावलं होतं.

महायुद्धामुळे सरकार गावोगावचं भात लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या वसुलीत, उचलत होतं. किती उचलायचं ते पिकावर ठरे, आणि पीक ठरे कुणा अंमलदाराच्या नजरेवर. यंदा मात्र शेतकी खात्याने मुंबईच्या गुप्त्यांना पाठवलं होतं. त्यांच्यापाशी कसल्याही क्रमाशिवाय छापलेल्या नुसत्या आकड्यांनी भरलेलं एक पुस्तक होतं. त्यात बघून ते शेत ठरवत, शेतात किती पावलं आत शिरायचं ते ठरवत, मग दोरीने तेहतीस फुटांचा चौकोन आखून तेवढंच भात झोडायला लावत. सहदेवने त्यांना कडेच्या रोगट तुकड्याकडे वळवायची पुष्कळ खटपट केली, पण पुस्तकापुढे त्याची डाळ शिजली नाही. त्यांच्या तराजूची दांडी खोपोलीहून येताना गाडीत मोडली, म्हणून वाण्याकडे एक पायली भात तोलून घेऊन ते मापावरच काम भागवत होते.

सहावा चौकोन मोजून झाला तेव्हा तिघंही कोंडाजीच्या ओटीवर येऊन बसले. कोंडाजीच्या बायकोने, अंबाबाईने, चहा आणला. गुप्त्यांनी बराच वेळ आकडेमोड केली.

"सहा चौकोनांची सरासरी पाच पायल्या. म्हणजे सगळ्या गावाचं पीक चौकोनामागे चार ते सहा पायल्यांच्या दरम्यान."

कोंडाजीला हसू आवरेना.

"चार ते सा? सायेब, ह्यो काय अंदाज झाला? मग माज्या म्हशीलाबी दोन ते सा पाय हायेत!"

गुप्तेही हसले. "सहाच चौकोन कापलेत हो. पुस्तकातून दुसरे सहा निघाले असते तर सरासरी थोडी हललीच असती. म्हणून दोन्हीकडे जागा सोडून कुंपण घालायचं. अशी शंभर कुंपणं घातली, तर साधारण पंचाण्णवांत गावाचा खरा आकडा सापडेल."

"शितावरनं भाताची परीक्षा खरी," अंबाबाई दारातून म्हणाली, "पन आदी टोप ढवळावा लागतो. न्हायतर वरचं कच्चं नि तळाचं करपलेलं."

"अगदी बरोबर! माझं पुस्तक म्हणजे तुमची ढवळायची पळीच."

कोंडाजी मात्र आकड्यापाशीच अडला होता. पाच? त्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण मोजलेली रास तो जन्मात विसरत नसे. सात, पाच, आठ, सहा, चार, सहा. बोटांच्या पेरांवर त्याने बेरीज केली. छत्तीस. सहा जागी वाटले की सहा येतात, पाच नाही. त्याने वहीत डोकावून पहिल्या ओळीतल्या रेघा मोजल्या. सात हव्या होत्या, सहाच होत्या. दुसऱ्या ओळीतही एक कमी. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. राशीची पहिली पायली कुणी 'एक' म्हणून मोजत नाही, तिला 'लाभ' म्हणतात. साहेब बिचारे त्याला देवाचं नाव समजले आणि रेघा ओढायला लागले 'दोन'पासून!

सहदेवने त्याचा चेहरा ओळखला. बैल बघायच्या निमित्ताने त्याला गोठ्याकडे नेलं.

"गप ऱ्हा. पाच तर पाच. लेव्ही कमी बसंल, पोरांच्या तोंडात दोन घास जास्त पडतील. तू कुटं खोटं बोललास? तू तर बरोबरच मोजलंस."

खरंच होतं ते. कोंडाजी परत येऊन बसला.

"सायेब, मापच चुकलं आसंल तर?"

"तर मग हजार चौकोन कापून उपयोग नाही. कुंपण लहान होत जाईल, पण चुकीच्याच जागी." गुप्ते वही बांधू लागले. "ती काळजी मला नाही. खालापुरात चौघांना विचारलं, माप कुणाचं खरं? चौघांनीही तुमचंच नाव घेतलं."

त्यापेक्षा साहेबांनी चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"लाभ म्हंजे एक, सायेब," कोंडाजी म्हणाला.

गुप्त्यांनी वही पुन्हा उघडली. मग कपाळावर हात मारून त्यांनी प्रत्येक ओळीत एकेक रेघ वाढवली आणि चार ते सहा खोडून पाच ते सात लिहिलं.

"पहिल्याच गावात कळलं, बरं झालं. नाहीतर अख्खा तालुका चुकला असता!"

"तालुका जेवला तरी आसता," सहदेव पुटपुटला आणि चहा टाकून निघून गेला.

पुढचे तीन दिवस कोंडाजीला कुणी खळ्यावर बोलावलं नाही. ज्याने त्याने आपली रास आपणच मोजली. वाटेत भेटलेल्यांनी तंबाखूसुद्धा विचारली नाही. कोंडाजीला फार लागलं ते. गावाच्या ताटातला घास आपण काढला, असं त्याच्या मनाने घेतलं. अंबाबाईने एकदाही बोल लावला नाही, तेही त्याला खुपलं.

चौथ्या दिवशी सकाळी सहदेव अंगणात येऊन उभा राहिला. बघत होता मात्र गोठ्याकडे.

"पायली घेऊन चल. आमची रास वाटायची हाय. माजी नि हिरामणची."

हिरामण त्याचा सख्खा धाकटा भाऊ. एका बांधावरून दोघांचं बिनसलं, तेव्हापासून दोन वर्षं बोलणं बंद होतं. वाटण्या व्हायच्या त्या तिसऱ्याच्या तोंडून, आणि दर वेळी भांडणाने संपायच्या.

"राग गेला का पाटील?"

"राग हाय तसाच हाय," सहदेव म्हणाला. "पन हिरामण बोलला, कोंडाजीनं मोजलं तर मी गुमान घेईन."

"कुनाकडं निरोप धाडला त्यानं?"

"निरोप कसला?" सहदेवने आता त्याच्याकडे पाहिलं. "आला नि मलाच बोलला."