एकाच आकाराचे ठिपके

औषधांच्या शीतगोदामात तिला सगळे 'ठिपकेवाली' म्हणत. गोदामातल्या दोन थंड खोल्यांचं तापमान पडद्यावर दाखवणारा आलेख तिनेच कोड लिहून तयार केला होता. पुढच्या खोलीचे ठिपके हिरवे, मागच्या खोलीचे लाल. तो पडदा बसल्यावर दारांवरचे जुने तापमापक काढून टाकले गेले, आणि कंट्रोल रूममधल्या माणसाची सगळी भिस्त तिच्या ठिपक्यांवर आली.

कंट्रोल रूम सांभाळायचे ते मामा. वयाने मोठे, बोलायला कमी. एकदा चहाचा कप घेऊन ते तिच्या टेबलाशी आले, थोडा वेळ नुसतेच घुटमळले आणि म्हणाले, "ताई, ते ठिपके वेगवेगळ्या आकाराचे करता येतील का? एक गोल, एक चौकोन असं काही?"

ती हसली. "मामा, रंग वेगळे आहेत की! बघते नंतर."

खरं तर काम चुटकीसरशी होण्यासारखं होतं. कोडमध्ये अवतरणचिन्हांतलं, ठिपक्याचा आकार ठरवणारं एक अक्षर बदललं की गोलाचा चौकोन होतो. पण त्याच सुमारास साहेबांना आलेख पाहुण्यांपुढे मिरवायचा होता, म्हणून ती ठिपक्यांना बारीक पांढरी कड लावण्यात आणि एकावर एक आलेले ठिपके दिसावेत म्हणून त्यांना जरासे पारदर्शक करण्यात गुंतली होती. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. मामांचं 'नंतर' राहून गेलं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

मग एका रविवारी दुपारी मागच्या खोलीचं दार माल उतरवताना नीट लागलं नाही. भोंगा वाजला, पण तो दोन्ही खोल्यांना एकच. मामा पडद्यासमोर धावले. ठिपक्यांची एक रांग वर चढत होती. ती पुढच्या खोलीची समजून त्यांनी तिथला थंडावा वाढवला. थोड्या वेळाने दुसरी रांग खाली घसरायला लागली, म्हणून मागच्या खोलीचा थंडावा कमी केला. सोमवारी सकाळी दारं उघडली तेव्हा पुढच्या खोलीतल्या लसी गोठलेल्या होत्या आणि मागच्या खोलीतली औषधं कोमट. सगळा माल जाळायला पाठवावा लागला. दवाखान्यांतून फोनवर फोन येत होते. लस घ्यायला तान्ही मुलं घेऊन आलेल्या आयांना परत पाठवावं लागत होतं. तिच्याही टेबलावरचा फोन वाजत होता. 

मामांना घरी बसवलं गेलं. हलगर्जीपणा, असं साहेब म्हणाले. ऑफिसात सगळ्यांनी मान डोलावली. तीही मूग गिळून बसली. पण त्या दुपारचा आलेख तिने पुन्हा उघडला. रंग पुसून पाहिले तर दोन्ही रांगा अगदी एकसारख्या होत्या. मामा चहाचा कप घेऊन का घुटमळत होते, ते तिला तेव्हा कळलं.

संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली. मामींनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. तिने आडवळण न घेता रंगांबद्दल विचारलं.  मामांनी खालच्या आवाजात सांगितलं, की लाल आणि हिरवा त्यांना लहानपणापासून सारखेच दिसतात. नोकरीच्या वेळी डोळे तपासले, तेव्हा रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे होते; रांगेतल्या पुढच्या माणसाने वाचलेले ऐकून त्यांनी तेच म्हणून दाखवले होते. तापमापकांवर आकडे होते, तोवर कधी अडलं नाही.

"मला नीट सांगायला हवं होतं, ताई. तोंड उघडलं नाही. आता तरी कुणाला सांगू नका."

तिने होकारार्थी मान हलवली. वाटेत मात्र तिचं मन तिला खात राहिलं. त्यांनी सांगितलं नव्हतं हे खरं. पण विचारलं होतं, हेही तितकंच खरं.

चौकशीच्या दिवशी ती उभी राहिली आणि तिने सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. आकार वेगळे करा, असं मामांनी आधीच सुचवलं होतं. आपण चालढकल केली. चूक आलेखाची आहे.

साहेबांनी चष्मा काढला. "पण लाल आणि हिरवं कुणालाही कळतं. त्यांनी सुचवलंच का?"

"दुपारी पडद्यावर ऊन येतं," ती म्हणाली. "रंग फिके पडतात."

ऊन येत होतं, ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. तिला लेखी ताकीद मिळाली, आलेखाचं काम तिच्याकडून काढून घ्यायचं ठरलं. काम सोपवण्याआधी शेवटचं म्हणून तिने आकारांची ती अक्षरं बदलली: पुढच्या खोलीला चौकोन, मागच्या खोलीला त्रिकोण, दोन्ही ठसठशीत. मामा कामावर परतले.

ती त्यांना पडदा दाखवायला गेली. "आता दिसतं ना?"

"स्वच्छ दिसतं," मामा म्हणाले. मग खुर्चीत न बसता उभेच राहिले. "ताई, तुम्ही मला वाचवलंत. पण त्या लसी गोठल्या त्या उन्हामुळे नाही. उद्या दुसरं काही लाल-हिरवं माझ्यासमोर आलं, तर?"

 शिक्षा भोगून आपण मोकळ्या झालो, असं तिला दोन दिवस वाटत होतं. प्रत्यक्षात तिने एक चूक झाकायला दुसरी केली होती.

"मी वर जाऊन सांगतो," मामा म्हणाले. "उन्हाचं तुम्ही माझ्यासाठी बोललात, तेही सांगावं लागेल."

"मीही येते," ती म्हणाली.

दोघं जिना चढून गेले. साहेबांनी आधी आवाज चढवला. शेवटी मामांना माल उतरवून घेण्याच्या कामावर लावलं, आणि तापमापक पुन्हा दारांवर बसवायला सांगितले. तिच्या ताकिदीत खोटं बोलल्याची एक ओळ वाढली. तिने ती वाचून खाली सही केली.

फोन मात्र अजून येत होते. रोज सकाळी ती स्वतःच ते उचलायची आणि पलीकडच्या आईला नवा माल कधी येणार, ते सांगायची. पलीकडून एखादं बाळ रडताना ऐकू आलं, की फोन ठेवल्यावरही तिचा हात बराच वेळ त्यावरच राहायचा.